बुधवारी बजेटची विशेष सभा, हातात ८४ पानं. वाचायला सुरुवात कुठून करू?

झेरॉक्सवाली ताई (२१ फेब्रुवारी २०२६, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपरिषदेत डिसेंबरच्या निवडणुकीत निवडून आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर सकाळी मच्छी मार्केटात माझीच चर्चा. पहिलीच टर्म. धंदा झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. घरात राजकारण कुणी केलेलं नाही, मिस्टर बोटींची इंजिनं दुरुस्त करतात.

आमच्याकडे चार वर्षं प्रशासक होते. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. त्यामुळे बजेटला हात वर करायला माणसं चार वर्षांनी बसणार आहेत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त माझ्यासारखी कोरी पाटी.

काल संध्याकाळी शिपाई अंदाजपत्रक घरी देऊन गेला. ८४ पानं, स्पायरल बाइंडिंग, वर लोगो रंगीत. गंमत सांगते, २०१९ आणि २०२० ची अंदाजपत्रकं माझ्याच मशीनवर निघाली होती. पंचवीस-पंचवीस प्रती मारल्या. पानं उलटी लागली नाहीत ना, एवढंच बघितलं. आत काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही.

आता वाचायला बसले तर पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'शिलकी अंदाजपत्रक', शिल्लक ३ लाख ४० हजार. मे महिन्यात टँकरच्या डिझेलला पैसे नाहीत म्हणून सांगणारी नगरपरिषद ही. मग शिल्लक कुठून आली? पुढे प्रत्येक ओळीला चार आकडे: २०२४-२५ प्रत्यक्ष, २०२५-२६ मंजूर, २०२५-२६ सुधारित, २०२६-२७ अंदाज. दहाव्या पानावर डोळे मिटायला लागले. गटनेत्यांना फोन केला तर म्हणाले, "ताई, आपल्याला फक्त हात वर करायचाय, टेन्शन कशाला घेता?"

प्रभागातल्या वहाळावरच्या साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं) मी विचारणारच आहे. पण त्यापलीकडे काय बघू? बुधवारी ११ वाजता सभा. कळत असेल त्यांनी साध्या भाषेत सांगा.

---

बंदरावरचो (२२ फेब्रुवारी, सकाळी ७.१५)

ताई, ८४ पानां वाचूक बसलेली नगरसेविका मी पयल्यांदाच बघतंय. आमचो नगरसेवक बजेटाक रिकामी पिशवी घेवन जाता आणि फायल घेवन येता. मगे त्या फायलीत त्येच्या बायलेच्यो गॅसच्यो पावत्यो ऱ्हवतत. वाचून झाल्यार हयसर सांग गो, आमका पण कळांदे.

---

निवृत्त लेखापाल (२२ फेब्रुवारी, दुपारी १.०५)

ताई, मी ३१ वर्षं नगरपरिषदांच्या लेखा विभागात काढली. लिपिक म्हणून लागलो, लेखापाल म्हणून बाहेर पडलो. असली अंदाजपत्रकं स्वतः बनवलीत, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

आम्ही आधी खर्च लिहायचो. पगार, पेन्शन, वीजबिल, मग अध्यक्षांची कामं, मग सदस्यांची कामं. बेरीज झाली की जमेची बाजू त्या मापाने शिवायची. तुटीचं बजेट सभेपुढे न्यायचं नसतं, म्हणून घरपट्टीची वसुली वाढव, गाळेभाडं वाढव, 'विकास शुल्क' वाढव, असं करत दोन-चार लाख शिल्लक दिसेपर्यंत ओढायचं. तुमचे ३ लाख ४० हजार तसेच आलेले असणार. तो आकडा कुणी मोजलेला नसतो, जुळवलेला असतो.

म्हणून पहिल्या पानावर वेळ घालवू नका. चार आकड्यांतला 'प्रत्यक्ष' तेवढा खरा, बाकीचे तीन मनातले. पट्टी घ्या आणि जमेच्या पानांवर फक्त प्रत्यक्ष आणि नवा अंदाज यांच्याकडे बघत खाली या. घरपट्टी प्रत्यक्षात १ कोटी १० लाख आली असेल आणि नवा अंदाज १ कोटी ८५ लाख असेल, तर वरचे ७५ लाख कोणाकडून येणार हे विचारा. नवी करआकारणी झालीय का? जप्तीच्या नोटिसा निघाल्यात का? दोन्ही नसेल तर तेवढ्या रकमेची कामं कागदावरच राहणार. आणि ती कोणाच्या प्रभागातली राहणार, हे मार्चनंतर ठरतं. तुमचा साकव त्यातच बसलेला असेल तर बघून घ्या.

दुसरी गोष्ट 'आरंभीची शिल्लक'. इथे नवीन सदस्य हमखास फसतो. पाच-सहा कोटी दिसतात आणि वाटतं नगरपरिषद गब्बर आहे. ते पैसे दुसऱ्यांचे असतात. १५ व्या वित्त आयोगाचा निधी, जिल्हा नियोजनचा, नगरोत्थानचा, ठेकेदारांच्या अनामती. वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांनाच. त्यातून रस्ता होत नाही. पगार तर उरलेल्या ४० टक्क्यांतूनही होत नाही. तेव्हा सभेत म्हणा, "आरंभीच्या शिलकेची योजनानिहाय फोड द्या, आणि त्यात नगरपरिषदेचा स्वतःचा फंड किती ते सांगा." फोड तयार नसेल तर बँकांचं ताळमेळ पत्रक मागा. कॅशबुक एक म्हणतं आणि बँक दुसरं म्हणते, असं किती खात्यांत आहे ते त्यात दिसतं. मी असताना आमच्याकडे २३ खाती होती आणि दोन खात्यांचं पासबुक कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यातलं एक नंतर जकात नाक्याच्या जुन्या कपाटात सापडलं. जकात १९९९ लाच गेली, कपाट तिथेच.

तिसरं लवकर आटपतो. दिव्यांग ५ टक्के, महिला व बालकल्याण ५ टक्के, दुर्बल घटक ५ टक्के. तरतूद दरवर्षी नीट दाखवलेली असते. 'प्रत्यक्ष'च्या खाली किती खर्च झाला ते बघा. बहुतेक ठिकाणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शिलाई मशीन वाटतात.

आता जे खरं सांगायचंय ते. बजेट वर्षातून एकदा येतं. त्यावर भाषणं होतात, पेपरात फोटो येतो. पैसा जातो तो दर महिन्याला. तुमच्या मासिक सभेच्या अजेंड्यावर पहिला विषय असतो मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे आणि त्याच्या आसपासच 'माहे अमुकच्या जमाखर्चास मंजुरी देणे'. आमच्याकडे तो कायम विषय क्रमांक २. माझ्या ३१ वर्षांत विषय क्रमांक २ वर एक मिनिटापेक्षा जास्त चर्चा झालेली मला आठवत नाही. "मंजूर, मंजूर", की पुढे.

एक अनुभव सांगतो. मी तेव्हा लिपिक होतो. जूनच्या जमाखर्चात टँकरच्या ४३ फेऱ्यांचं बिल होतं. फेऱ्यांची नोंदवही माझ्या टेबलावर आली. ४३ ओळी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, आणि पाणी घेतल्याच्या सह्याही त्याच हाताच्या. त्यात १४ जूनच्या चार फेऱ्या. १४ जूनला आमच्याकडे असा पाऊस पडला होता की ऑफिसात गुडघाभर पाणी शिरलं आणि आम्ही कॅशबुकं पत्र्याच्या कपाटावर चढवत होतो. त्या दिवशी खालच्या आळीत टँकरने पाणी वाटलं म्हणे! मी ते प्रमाणक, म्हणजे बिलाचं व्हाउचर, बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि सही करून पुढे सरकवलं. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. पुढच्या सभेत विषय क्रमांक २ मंजूर झाला. एकाही सदस्याने "जूनमध्ये टँकर कशाला?" एवढे तीन शब्द विचारले असते तर मला ती वही बाहेर काढावी लागली असती.

स्थानिक निधी लेखापरीक्षेत त्यावर आक्षेप लागला. सात वर्षांनी. तोपर्यंत टँकरवाला वारला होता आणि त्या वेळचे मुख्याधिकारी तीन बदल्या होऊन विदर्भात. अनुपालनात, म्हणजे आक्षेपाच्या उत्तरात, आम्ही लिहिलं, 'यापुढे दक्षता घेण्यात येईल'. वसुली शून्य.

तेव्हा बुधवारी फोड मागा, घरपट्टीचं विचारा, बस्स. आपली शक्ती विषय क्रमांक २ साठी ठेवा.

---

रोखठोक राजापूर (२२ फेब्रुवारी, दुपारी ३.३०)

काका, सगळं ठीक. पण बाई एकट्या, समोर बहुमत. हात वर झाले की विषय संपला. विचारून होणार काय? उलट पुढच्या वर्षी यांच्या प्रभागातलं एक गटारसुद्धा मंजूर होणार नाही.

---

निवृत्त लेखापाल (२२ फेब्रुवारी, सायं. ५.५०)

गटाराचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही, मी बघितलंय. म्हणूनच तोंडी विचारून थांबायचं नाही. प्रश्न दोन ओळींत लिहून अध्यक्षांकडे द्यायचा, प्रतीवर पोच घ्यायची, आणि "माझा प्रश्न इतिवृत्तात घ्या" म्हणायचं. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो आलाय का ते तपासायचं. ठराव बेकायदेशीर असेल तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण तिथे कागद लागतो. आणि एक, लेखा विभागात बसलेल्या लिपिकाला एक जरी सदस्य वाचतोय हे कळलं ना, तर तो साहेबांना सांगू शकतो, "सर, हे नको, त्या ताई विचारतील." मला तसं सांगायला कोणी नव्हतं.

---

माहिती अधिकारी नव्हे, माहिती मागणारा (२२ फेब्रुवारी, रात्री ९.२०)

रायगडातून. काकांच्या बोलण्यात एक भर. जिल्ह्यातली सरकारी कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं शासनाचं परिपत्रक नोव्हेंबर २०१८ चं आहे. ऑफिसात दहापैकी आठ जणांना ते माहीत नसतं, प्रिंट काढून खिशात ठेवा. मी गेलो तेव्हा आधी "साहेब नाहीत" झालं, मग "किल्ली नाही" झालं, मग चहा आला. चहा आला की समजायचं फाइल येणार. नाहीच आली तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तुम्ही सदस्य आहात, तुम्हाला एवढं करावं लागू नये. पण लागतं.

---

सीए, मुक्काम पुणे, गाव गुहागर तालुका (२३ फेब्रुवारी, सकाळी १०.१०)

एक मुद्दा घाईत. १५ व्या वित्त आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते, १ एप्रिलपासून १६ वा. तुमच्या २०२६-२७ च्या अंदाजात वित्त आयोगाची रक्कम मागच्याच आकड्याने ओढलेली असेल तर तो आकडा कशावरून धरला ते विचारा. आणि जुन्या निधीतला बंधित भाग किती अखर्चित आहे तेही. आणखी एक, हिशेब आणि लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन टाकणं ही १५ व्या आयोगाच्या अनुदानाची अटच होती. तुमच्या नगरपरिषदेच्या वेबसाइटवर आहेत का बघा. बऱ्याच वेबसाइटवर अजून २०१७ चा स्वच्छतेचा बॅनर फिरतोय.

---

झेरॉक्सवाली ताई (२६ फेब्रुवारी, रात्री १०.३०)

काल सभा झाली. सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे.

फोड मागितली. अध्यक्ष म्हणाले, "ताई, लेखी द्या." मी लिहूनच नेलं होतं, दिलं. मग लेखापाल साहेबांना उभं राहावं लागलं. आरंभीची शिल्लक ६ कोटी १२ लाख, त्यात आमचा स्वतःचा फंड २१ लाख. सभागृहात एकदम शांतता. माझ्या शेजारी बसलेले दोन टर्मचे अनुभवी सदस्य हळूच म्हणाले, "एवढाच?" म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं! घरपट्टीच्या अंदाजावर उत्तर आलं की "विशेष मोहीम राबवणार". बरं.

साकव २०२६-२७ च्या अंदाजात आहे. कशाच्या भरवशावर आहे ते आता मला कळतं.

१ वाजून ४० मिनिटांनी बजेट मंजूर. कांदाभजी आणि चहा. मी असहमती नोंदवली नाही, तेवढं धाडस झालं नाही, खरं सांगते. गटनेते दिवसभर बोलले नाहीत.

त्याच दिवशी बजेटनंतर लगेच मासिक सभा होती, आणि तिच्यात आमच्याकडेही विषय क्रमांक २ च निघाला, जानेवारीचा जमाखर्च. काकांनी सांगितलं होतं म्हणून आदल्या रात्री बोट ठेवून एकेक ओळ वाचली. गटारसफाई, ब्लीचिंग पावडर, डिझेल यातलं मला काही कळत नाही. पण एका ओळीवर बोट थांबलं. 'झेरॉक्स, छपाई व स्टेशनरी, १,१८,४००.' हा तर माझा धंदा. घाऊक काम मी दीड रुपयाने करते. त्या दराने ही जवळजवळ ७९ हजार पानं झाली. दीडशेवर रिमं. माझ्या दुकानात एवढा कागद ठेवायचा म्हटलं तर मला बाहेर रस्त्यावर बसावं लागेल.

सभेत विचारलं. लेखापाल म्हणाले, "मॅडम, निवडणुकीच्या मतदारयाद्यांचं बिल आहे, डिसेंबरचं काम, जानेवारीत देयक." माझा चेहरा पडला. खरंच की, याद्या छापल्याच होत्या, मीसुद्धा एक घेतली होती. मागून कुणीतरी हसलं. विषय मंजूर.

तरी सोमवारी जाऊन प्रमाणक बघणार आहे. दर काय लावलाय एवढंच बघायचं.

---

बंदरावरचो (२६ फेब्रुवारी, रात्री ११.०५)

हसलो तो कोण ता लिवन ठेव.

---

झेरॉक्सवाली ताई (३ मार्च, सकाळी ६.२०)

काल गेले होते. शिमग्यामुळे अर्धं ऑफिस गावी. परिपत्रकाची प्रिंट नेली होती, काढावी लागली नाही. चहा आला, मग फाइल आली.

दर पानाला ३ रुपये. म्हणजे माझ्या हिशेबाच्या निम्मी पानं, तेवढ्या याद्या निघाल्या असतील, त्याबद्दल तक्रार नाही. दर दुप्पट. पण नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं घेतली होती आणि सगळ्यात कमी दराचं मंजूर केलं होतं. पहिलं ३ रुपयांचं, ज्याला काम मिळालं त्याचं. दुसरं साडेतीनचं, तालुक्यातल्या एका दुकानाचं.

तिसरं ४ रुपयांचं. माझ्या दुकानाचं.

माझं लेटरहेड, वर माझा जुना मोबाइल नंबर, जो मी २०२१ मध्ये बदलला. खाली माझ्या दुकानाचा शिक्का आणि वर कुणीतरी मारलेली सही, माझी नाही. क्षणभर कळेनाच. मग आठवलं. २०१९ च्या बजेटच्या प्रती घ्यायला ऑफिसातले एक जण आले होते. जाताना म्हणाले, "ताई, चार-पाच कोरी लेटरहेडं द्या शिक्का मारून, सपोर्टिंगला लागतात, सगळेच देतात." मी दिली. पुढचं काम मिळावं म्हणूनच दिली, दुसरं काय. त्यांना नाही म्हणायचं असतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. सात वर्षं ती कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडून होती.

लिपिक मुलगा समोर बसला होता. माझ्याकडे बघत होता, मग खिडकीकडे बघायला लागला. वयाने माझ्या भाच्याएवढा.

काका, आता काय करू? हे सभेत काढलं तर आधी माझंच नाव निघतं.

---

निवृत्त लेखापाल (३ मार्च, सकाळी ८.४५)

निघेल. ते टळत नाही.

दोन गोष्टी आजच करा. त्या दरपत्रकावर आवक क्रमांक (कागद ऑफिसात आल्याच्या नोंदीचा नंबर) आणि तारीख आहे का ते आठवून लिहून ठेवा. आणि तिन्ही दरपत्रकांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज द्या, पोच घ्या. प्रती हातात येईपर्यंत कोणाशी बोलू नका, गटनेत्यांशी तर नाहीच. उरलेली कोरी लेटरहेडं अजून कुणाकडे असतील तर ती रद्द समजावीत, असं मुख्याधिकाऱ्यांना स्वतःहून पत्र द्या. त्या पत्रात २०१९ चं सगळं लिहा, तुम्ही दिली हे सुद्धा. कोणाच्या सांगण्यावरून दिली तेही.

त्या लिपिकाला त्रास होणार नाही असं बघा.

---

झेरॉक्सवाली ताई (३ मार्च, दुपारी १२.१०)

आवक क्रमांक नाही. पहिल्या दोघांवर आहे, लागोपाठचे. माझ्यावर नाही.

पत्र टाइप केलं. तीनदा वाचलं. दोन प्रती काढल्या, एक पोच घ्यायला. संध्याकाळी देऊन येते, पालखी आमच्या आळीत यायच्या आधी.